बेटावर केबल पोचली, पुढे काय?

१० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई-अंदमान समुद्री केबल सुरू झाली, ३ जानेवारी २०२४ रोजी कोची-लक्षद्वीप. पहिली सुमारे २,३०० किलोमीटर लांब. त्याआधी या बेटांची भिस्त उपग्रहावर. तेवढ्या तुटपुंज्या जोडणीत बँक, इस्पितळ, शाळा सगळ्यांनी भागवायचे. तेव्हा झाले हे उत्तमच.

पण एकाच तारेवर विसंबणे धोक्याचे. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा या बेटदेशाची परदेशाशी जोडणारी एकमेव समुद्री केबल तुटली; जोडायला पाच आठवडे लागले. ‘लिंक नाही’ म्हणजे काय, हे आम्हा काउंटरवर बसणाऱ्यांना विचारा. पैसे खात्यात असतात, हातात येत नाहीत.

पार्से काही बेट नव्हे. पण पावसाळ्यात खांबावरची तार तुटली की गावाचे बेटच होते. म्हणून पेडणे तालुक्यातील पंचायतींनी दुसऱ्या मार्गाने येणाऱ्या जोडणीसाठी ग्रामसभेत ठराव घेऊन शासनाकडे मागणी लावून धरावी.

तारेवरून भामटेही येतात, हे वेगळेच. ओटीपी मागणारा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवत असला तरी तो देऊ नये. फसगत झालीच तर लाजून घरी बसू नये, तत्काळ १९३० वर कळवावे. उशीर झाला की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात.