गोबरगॅस घ्या, पण आधी गोठा मोजा



सोयाबीन घरात आले, हातात चार पैसे खेळू लागले, की आमच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, गोबरगॅसला अनुदान किती?" हा प्रश्न मालक विचारतात. मालकीणबाई मागे उभ्या असतात. त्यांना विचारायचे असते ते वेगळेच: धूर जाईल का, आणि भाकरी होईल का?

आधी मालकांचे उत्तर देतो. २०२२ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात आपल्याकडे एक घनमीटरच्या संयंत्राला ९,८०० रुपये, दोन ते चार घनमीटरला १४,३५० रुपये आणि सहा घनमीटरला २२,७५० रुपये असे केंद्राचे अनुदान ठरले. शौचालय जोडले तर १,६०० रुपये जादा. तो टप्पा २०२५-२६ पर्यंतचा होता, म्हणून कुदळ मारण्याआधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडून आजचा आकडा आणि मंजुरी, दोन्ही घ्या. आणि हे पैसे आगाऊ मिळत नाहीत. बांधकाम होऊन, तपासणी झाल्यावर ते बँक खात्यात येतात. तोवरचा सगळा खर्च तुमचा, आणि अनुदानाने तो पुरा भागतही नाही. सावकाराकडून उचल करून गोबरगॅस बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझीच एक चूक सांगतो. १९९७ सालचा मार्च महिना होता. मी नोकरीत नवा, डोक्यावर लक्ष्यांक. एका घरी चार जनावरे होती. मोठ्या संयंत्राला अनुदान जास्त, म्हणून मी त्यांना सहा घनमीटरचे बांधायला लावले. बांधकाम झाले, फोटो निघाला, माझा आकडा भरला. सहा महिन्यांनी त्याच वाटेने जात होतो म्हणून डोकावलो. चूल पेटलेली, घरभर धूर, आणि डोमच्या झाकणावर कोंबड्या बसलेल्या. घरातल्या आजी म्हणाल्या, "सायब, तुमच्या शेगडीवर दूधबी तापत नाय. खड्डा तेवढा झाला बगा." त्या घराने त्यासाठी एक कालवड विकली होती, हे मला तेव्हा कळले. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

हिशेब साधा होता, पण मी तो केला नव्हता. एका मोठ्या जनावराचे दिवसाचे शेण धरा दहा किलो. किलोभर शेणापासून सुमारे चाळीस लिटर गॅस होतो. म्हणजे दोन घनमीटरला रोज पन्नास किलो शेण, पाच जनावरे. सहा घनमीटरला रोज दीडशे किलो! चार जनावरांच्या शेणाने तो डोम भरणार कसा? गॅस थोडा होतो, त्याला दाब नसतो आणि ज्योत मिणमिणते. शिवाय चरायला जाणाऱ्या जनावराचे निम्मे शेण रानातच राहते, तेही हिशेबात धरा.

दोन घनमीटरचे संयंत्र पोटभर चालले, तर पाच-सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. टाकीच्या गॅसशी तुलना केली तर महिन्याला पावणेदोन टाक्या वाचल्या असे समजा. थंडीत गॅस कमी पडतो. म्हणून जागा उन्हाची निवडा, स्वयंपाकघराजवळची, पण पाण्याच्या विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब.

पहिला भरणा हाच खरा अडथळा. दोन घनमीटरसाठी जवळजवळ दोन टन शेण आणि तेवढेच पाणी लागते. बांधकाम चालू असतानाच शेण साठवा, भावकीकडून मागून घ्या. भरल्यावर दोन-तीन आठवडे धीर धरा. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो. पुष्कळ लोक इथेच हात टेकतात. पुढे रोज शेण आणि पाणी समसमान कालवून, काड्या-माती काढून टाकायचे. साबणाचे आणि फिनेलचे पाणी त्यात मुळीच जाऊ देऊ नका. ज्योत फडफडू लागली तर बहुतेक वेळा नळीत पाणी साचलेले असते, ते काढून टाका.

आता मालकीणबाईंचे उत्तर. भाकरी होते, जाड तवा ठेवा, शेगडी मात्र गोबरगॅसचीच हवी, टाकीच्या गॅसची चालत नाही. पूर्वी सरकारी योजनेतून निर्धूर चुली घरोघर आल्या. आमच्याही घरी आली होती. आईने वर्षभरात ती फोडली, कारण धुराड्यात काजळी भरली आणि निखाऱ्यावर भाकरी शेकायला पुढे जागाच नव्हती. तिला कोणी विचारले नव्हते. धुराने तिचे डोळे आणि खोकला तसाच राहिला.

गोवऱ्या जाळणाऱ्यांना आणखी एक सांगतो. गोवरीबरोबर शेणातले नत्र जळून जाते. गोबरगॅसमध्ये गॅसही मिळतो आणि नत्र मळीत राहते. ती मळी उकिरड्यावर पाचटाबरोबर थर देऊन कुजवा.

शौचालय जोडायला लोक अजून नाक मुरडतात. देहूच्या डॉ. मापुसकरांनी या कामात आयुष्य घालवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्योतीला वास येत नाही, एवढे मी स्वतः जेवून सांगतो.

ट्रॅक्टर आल्यापासून ज्यांच्या दावणीला एखाद-दुसरेच जनावर उरले, त्यांनी गोबरगॅसच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी १ मे २०१६ रोजी सुरू झालेली उज्ज्वला योजना आहे, आणि राज्याने २०२४ साली पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली. आपले नाव बसते का, ते गॅस एजन्सीत विचारा. पण आमच्या भागात टाकी पाहुण्यांच्या चहापुरती आणि रोजचा जाळ पऱ्हाटीचा, अशी घरे मी पुष्कळ पाहतो. आंघोळीच्या बंबाला तर लाकूडच.

तेव्हा एक करा. आठ दिवस रोज सकाळी गोठ्यातले शेण वजन करा आणि आकडा वहीत लिहा. ती वही घेऊन कचेरीत या, आणि मालकीणबाईंनाही बरोबर आणा. शेण कालवायचे काम बहुतेक घरांत त्यांच्याच अंगावर पडते. त्यांना नको असेल, तर ते खड्डा खणण्याआधी आम्हांला कळू द्या.