‘हुशार आहे हो, पण…’

पालकसभेत बाई म्हणतात, “मुलगा हुशार आहे हो, पण…” या ‘पण’च्या पुढचं तुमच्यापैकी काहींना पाठ असेल. मधल्या सुट्टीत एकटाच फिरतो. वेळापत्रक बदललं की रडतो. कुणी थट्टा केली तर त्याला ती खरीच वाटते. घरी येऊन तुम्ही हे सांगता आणि आजी म्हणते, “अगं, त्याचा बाबाही लहानपणी असाच होता!”

माझ्या मावसभावाच्या घरी हे तीन वर्षं चाललं. ते इंदूरला असतात. घरात मराठी, खाली खेळायला गेलं की हिंदी, शाळेत इंग्रजी. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. रेल्वेगाड्यांचे नंबर आणि थांबे त्याला तोंडपाठ आहेत, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाचं नाव विचारलं तर आठवावं लागतं. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला: भाषांचा गोंधळ झालाय, घरात फक्त इंग्रजी बोला. मग आजीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत नातवाला जेवायला बोलावू लागली. दीड वर्ष असं गेलं. त्याच्या अडचणी तशाच राहिल्या, आजीशी होणाऱ्या गप्पा तेवढ्या आटल्या.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांना हा सल्ला हमखास मिळतो, म्हणून स्पष्ट सांगते. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे ऑटिझम होत नाही आणि घरची भाषा बंद केल्यानं तो जातही नाही. तुम्ही वेगळीच गोष्ट बघा. शाळेत जे अवघड जातं, ते आजीशी मराठीत बोलतानाही अवघड जातं का? समोरच्याला कंटाळा आलाय हे कळत नाही, आपलंच बोलणं चालू राहतं, असं घरच्या भाषेतही होतं का? होत असेल, तर प्रश्न भाषेचा नाही. तपासणी करणाऱ्यांनाही हे आवर्जून सांगा. चाचणी फक्त इंग्रजीत होणार असेल तर थोडा वेळ मुलाशी मराठीत बोलायची परवानगी मागा. यात संकोच कशाला?

तपासणीसाठी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठावेत. खासगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत आणि तो कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नावातल्या ‘शीघ्र’मुळे ती फक्त बाळांसाठी आहेत असं समजू नका. मोठ्या संस्थांपैकी बेंगळुरूची निम्हान्स आणि सिकंदराबादची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्था तुम्हाला ठाऊक असतील.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ऑटिझम कळत नाही. आधी ऐकू नीट येतं ना, हे बघतात. मग मुलाच्या पहिल्या तीन-चार वर्षांबद्दल तुम्हाला खोदून खोदून विचारतात, मुलाशी बोलतात, खेळतात, शाळेचं म्हणणं मागवतात. आपल्याकडे ‘इसा’ नावाचं भारतीय मापन वापरतात, त्यात 40 मुद्दे असतात. इंटरनेटवर सहज सापडणारी एम-चॅट प्रश्नावली मात्र 16 ते 30 महिन्यांच्या बाळांसाठी आहे. चौथीतल्या मुलासाठी ती भरून सुस्कारा टाकू नका. शाळकरी मुलांत एकाग्रतेच्या, वाचन-लेखनाच्या किंवा चिंतेच्या अडचणी ऑटिझमसोबतही असतात आणि ऑटिझमसारख्या दिसतातही. म्हणून दोन-तीन फेऱ्या पडल्या तर वैतागू नका. वैतागायचं ते पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्यांवर.

जाताना काय न्यायचं? मुलगा दोन-तीन वर्षांचा असतानाचे फोनमधले व्हिडिओ शोधा. वाढदिवसाचे तर नक्कीच: केक कापताना सगळे टाळ्या वाजवतायत आणि आपलं बाळ फुग्याच्या दोऱ्याकडे बघतंय, हे तज्ज्ञांना खूप काही सांगतं. वर्गशिक्षिकेकडून दोन परिच्छेद लिहून घ्या, पण ‘त्रास देतो’ असं नको. काय झालं, केव्हा झालं, त्याच्या आधी काय घडलं होतं, एवढंच हवं. मुलगी असेल तर जास्तच बारकाईनं लिहा. अनेक मुली इतरांचं बघून हसणं-बोलणं उचलतात, शाळेत दिवसभर निभावतात आणि घराच्या उंबरठ्यावर कोसळतात. शाळा म्हणते, आमच्याकडे काहीच प्रॉब्लेम नाही.

“पण शिक्का बसेल ना?” मावसभावानं मला हेच विचारलं होतं. मी म्हटलं, शिक्के तर बसलेतच की. हट्टी, उद्धट, आईनं लाडावलेला. तपासणीनं निदान बरोबर नाव तरी मिळेल. आणि तज्ज्ञांचा अहवाल व सरकारी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र काढायचं की नाही, ते तुम्ही नंतर ठरवा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सीबीएसईच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तेव्हा तो कागद लागतो.

मुलाला मात्र खोटं सांगून नेऊ नका. मावसभाऊ आदल्या रात्री त्याला म्हणाला, “शाळेत तुला काय अवघड जातं ते समजून घेणाऱ्या एक मावशी आहेत. सुई नाही. दोन तास लागतील.” त्यानं फक्त विचारलं, किती वाजता निघायचं आणि किती वाजता परत.

तीन फेऱ्यांनंतर अहवाल आला. ऑटिझमच होता. आजी आता पुन्हा मराठीत जेवायला हाक मारते, आणि हाक मारायच्या आधी पाच मिनिटं सांगून ठेवते. तो हातातली गाडी स्टेशनात लावतो आणि येतो.