वंशावळीतून गाळलेल्या लेकी

गेल्या वर्षी आमच्या सोलापूरच्या केंद्रात एक मुलगी आजीला घेऊन आली. मुलगी बारावी झालेली. आजी तिच्या आईची आई, आयुष्यभर विड्या वळून बोटं वाकडी झालेली. मुलगी दोन वर्षांची असताना बाप घर सोडून गेला तो गेलाच. तिला वाढवलं या दोघी बायांनी. आता पुढच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. आजीच्या माहेरी तो होता. तिच्या भावाचा शाळेचा दाखला, त्यावर स्वच्छ अक्षरात ‘पद्मशाली’. कार्यालयातल्या साहेबांनी तो वाचलाही नाही. “हे आईकडचं झालं. वडिलांच्या आडनावाचं आणा.”

आजीनं मला बाहेर आल्यावर विचारलं, “मग मी हिची कोण?”

साहेब नियमाला धरूनच बोलत होते. २०१२ च्या नियमांत नातेवाईक म्हणजे वडिलांकडचे रक्ताचे नातेवाईक. तेव्हा आम्ही बापाचं आडनाव शोधायला निघालो. आडनाव दुर्मीळ, पूर्व भागात शोधून सहा घरं सापडली. “तुम्ही आणि ही मुलगी एकमेकांचे कोण?” एवढाच प्रश्न घेऊन तीन रविवार फिरलो.

तेव्हा कळलं, एक आडनाव म्हणजे एक रक्त नव्हे. तेलंगणातून मागावर पोट भरायला सोलापुरात आलेल्या पद्मशाली कुटुंबांचं आडनाव म्हणजे ‘इंटिपेरु’, घराचं नाव. गोत्र वेगळं असतं. सहापैकी दोन घरांचं आडनाव तेच, पण गोत्र निराळं आणि मूळ गावही निराळं. त्यांचा आमच्या मुलीशी संबंध नव्हता. आपल्या ‘कर’ लावणाऱ्या आडनावांचंही तेच. दोन पंढरपूरकर एका गावातून आले एवढंच सिद्ध होतं, एका आईबापाचे ठरत नाहीत. खरं नातं शोधायचं तर विचारावं लागतं: मूळ गाव कोणतं, गोत्र कोणतं, सूतक कोणाचं पाळता, लग्नात मानपान कोणाला?

हे सगळं कोणाला ठाऊक होतं? पुरुषांना आजोबांच्या पलीकडे सांगता येईना. चौथ्या घरी मालकांनी अभिमानानं वडिलांनी लिहिलेली वंशावळ काढली. चार पिढ्या, सगळे पुरुष. आमच्या मुलीच्या आजोबांचं नाव त्यात दोनदा होतं, दोन वेगळ्या शाखांत. यातला नेमका कोणता, मालकांना माहीत नव्हतं. तेवढ्यात आतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, “अरे, त्यांच्या घरचं सूतक आपण दहा दिवस पाळायचो. त्याची बहीण आहे की अजून, याच गावात.”

मी विचारलं, “मग वंशावळीत ती का नाही?” मालक म्हणाले, “लेकी दुसऱ्या घरच्या. त्यांना कशाला लिहायचं?”

ती बहीण म्हणजे मुलीच्या आजोबांची बहीण. लग्नानंतर आडनाव बदललेलं, म्हणून आमच्या यादीत ती आलीच नव्हती. ती दुसरीपर्यंत नगरपालिकेच्या तेलुगू शाळेत गेली होती. शाळेच्या १९६२ च्या रजिस्टरात तिचं नाव सापडलं: वडिलांचं नाव, तेच आडनाव, पुढे जात. ज्या नियमानं आजीला बाहेर काढलं, त्याच नियमानं ही बाई रक्ताची नातेवाईक ठरते. जो पुरावा सहा घरांतल्या एकाही पुरुषाला देता आला नाही, तो गाळलेल्या लेकीजवळ होता. प्रकरण आता दाखल झालं आहे.

मैत्रिणींनो, हा नशिबाचा खेळ नाही. ही व्यवस्था आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सपिंड नातं वडिलांकडून पाच पिढ्या मोजतो, आईकडून तीन. छापील कुलवृत्तांतांत बहुतेक ठिकाणी लेकीच्या नावापाशी रेघ थांबते. २६ जानेवारी २०२४ च्या मसुद्यात ‘सगेसोयरे’ शब्द आला, तोही वडील, आजोबा, पणजोबा यांच्याकडूनच मोजलेला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरलं, हे चांगलंच झालं. पण कागदावर आईचं नाव लिहायचं आणि आईचा कागद मात्र नाकारायचा, हा कुठला मान?

कोणी म्हणेल, आईकडचे पुरावे घेतले तर खोटे दाखले वाढतील. बापाकडचे खोटे कागद होत नाहीत काय? तपासणी कडक करा, पण दोन्हीकडची करा. आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात वडिलांचीच, असं डोळे झाकून धरता येणार नाही. मूल कुठे, कोणात वाढलं ते पाहावं लागेल, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली रमेशभाई दाभाई नायका खटल्यात सांगितलं आहे. मग आईबाप एकाच जातीचे असताना आईचा कागद रद्दी कसा?

आपली मागणी साधी आहे: ‘नातेवाईक’ या शब्दाच्या व्याख्येत आईकडचं रक्तही आलं पाहिजे. टाकलेल्या, एकट्या बाईच्या लेकराला पळालेल्या बापाचे कागद शोधायला लावू नका.

आणि सुरुवात आपल्या घरापासून. आमच्या केंद्राच्या अर्जातही कालपरवापर्यंत ‘पतीचे/वडिलांचे नाव’ एवढाच रकाना होता. आम्हीच तो छापला होता! आता बदलला. पुढच्या बैठकीत तुमच्या गटातल्या प्रत्येकीनं कागद घ्यावा. आधी आपलं नाव, मग आईचं, तिच्या आईचं, प्रत्येकीचं माहेरचं आडनाव, गाव, शाळा. म्हाताऱ्या बायांना विचारा. त्या आहेत तोवरच विचारा. बहुतेकींची रेघ तिसऱ्या नावापाशी अडेल. माझीही अडली.