नऊ मीटरची पदवी

वर्तमानपत्र हातात आलं की मी आधी त्यातून खाली काय पडतं ते बघतो. अग्रलेख संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही. पत्रकं मात्र बायको मेथी निवडायला लगेच उचलते. या सदराच्या जुन्या वाचकांना ही सवय ठाऊक आहे. या आठवड्यात पडलेलं पत्रक मेथीच्या कामाचं नव्हतं, इतकं ते गुळगुळीत होतं. ‘शहर नियोजन आणि मालमत्ता विकास’ या विषयाची पदवी, प्रवेश सुरू. वर छायाचित्र: पांढरी हेल्मेटं घातलेली चार मुलं एका नकाशाकडे बघून हसतायत. नकाशाकडे बघून हसू येतं हे मला पटतं. आपल्या शहराचा विकास आराखडा बघून मीही हसलोय. पण हा नकाशा गुंडाळलेला होता. गुंडाळी बघून चौघं कशाला हसत होती?

आत ‘स्मार्ट’ होतं, ‘ग्लोबल’ होतं, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ होतं. गटार, फुटपाथ, बसथांबा, कचरा यांपैकी एकही शब्द नव्हता. नाही म्हणायला पाणी होतं, पण ते हॉस्टेलच्या स्विमिंग पूलमध्ये.

आता माहितीचा डोस एकदाच देऊन टाकतो. नगररचनेचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्याचा, १९१५ सालचा. आजचा आपला कायदा १९६६ चा, ज्याला सरकारी कचेरीत सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात. पुण्याच्या सीओईपीत नियोजन शिकवतात, दिल्लीला त्यासाठी आख्खी संस्था आहे, आणि बारावीनंतर यायचं तर जेईई मेनमध्ये नियोजनाचा वेगळा पेपर असतो, हे पोरांच्या आईवडिलांना बहुधा निकालानंतर कळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्के वस्त्यांना बृहत् आराखडाच नाही. म्हणजे काम भरपूर आहे. झालं, डोस संपला.

हा विषय शिकणारी एक मुलगी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. शेवटचं वर्ष. लग्नकार्यात तिला ठरलेले प्रश्न येतात. “म्हणजे इंटिरियर ना गं?” “म्हणजे आर्किटेक्टच की!” आणि सर्वात जास्त येणारा, “आमच्या गावाकडच्या प्लॉटचं काय होईल?” पहिले दोन विचारणारे उत्तराच्या आत बुफेकडे सरकतात. तिसरे मात्र खुर्ची ओढून बसतात. परवाच्या मुंजीत तिच्या एका मामांनी उजवा हात श्रीखंडात असताना डाव्या हाताने मोबाईलवर सातबारा उघडला आणि म्हणाले, “यलो का ग्रीन, एवढंच सांग.”

“झोन दाखला काढा ना मामा.”

“दाखलाच काढायचा तर तुला शिकवलं कशाला?”

या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. विद्यापीठाकडेही नसावं.

खरं तर इतकी फी भरून विद्यापीठात जायची गरज काय? आमच्या सोसायटीच्या मीटिंगला यावं. आमची इमारत रीडेव्हलपमेंटला काढलीय हे मी मागे लिहिलंच होतं. तेव्हापासून ज्यांना घरातल्या नळाचा वॉशर बदलता येत नाही ते एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं यावर, बोलतात. चेअरमन बँकेतून निवृत्त, पण बोलणं ऐकाल तर नगररचना खात्यात हयात गेली असं वाटावं. पेड एफएसआय, लोडेड टीडीआर, कॉर्पस, भाडं, एकमेकांमागे दोन गाड्या लावायचं पार्किंग. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना रेरा कार्पेट आणि जुना बिल्ट-अप यांतला फरक तोंडपाठ आहे, आणि बिल्डरचा माणूस जिन्याचा तुकडा त्यांच्या स्वयंपाकघरात मोजू लागला की त्या त्याला जागच्या जागी धरतात. हे प्रावीण्य कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय आलेलं आहे. नव्या घरात किती चौरस फूट जास्त मिळणार, हा एकच पेपर, आणि सगळे त्यात विशेष श्रेणीत.

अडकलंय ते रस्त्यापाशी. नियम असा की नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, आणि टीडीआर नाही तर बिल्डर चहासुद्धा पूर्ण पीत नाही. रस्ते गाड्यांसाठी रुंद करतात असं भाबड्या लोकांना वाटतं. पुण्यात २०२० साली सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला, तेव्हा रहदारीइतकीच, किंबहुना जास्त, चर्चा टीडीआरची झाली.

तर गेल्या रविवारी सकाळी आमची कमिटी टेप घेऊन रस्त्यावर उतरली. आमच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. मध्ये इस्त्रीवाल्याची गाडी, तिच्याखालून टेप. चेअरमन वाकून आकडा वाचत होते. “आठ साठ.” खजिनदार म्हणाले, जरा सैल धरा. सैल धरल्यावर टेपला झोळ पडला आणि रस्ता आठ सत्तर झाला. मग खजिनदारांनी समोर जाऊन टेपचं टोक भिंतीला न टेकवता फाटकाच्या गजांतून आत सारलं. आठ पंच्याऐंशी. समोरच्यांचा वॉचमन हे सगळं दात घासत बघत होता. तो म्हणाला, “साहेब, अजून आत या, लिफ्टपर्यंत येतं.”

तेवढ्यात ती मुलगी दूध घेऊन आली. “काका, टेपने रस्ता वाढत नाही. मंजूर नकाशात किती आहे ते बघायचं.” चेअरमननी “अगं, ते बघतोच आहे” म्हणत टेप गुंडाळला. ती तिथेच उभी राहिली. “समजा, नऊ निघाला. आठ मजले झाले. समोरच्यांचेही आठ झाले. मग सकाळी पाण्याचा टँकर कुठून वळणार?”

कुणीच काही बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, “ते बिल्डर बघेल.”

‘ते बिल्डर बघेल’ हे आपल्या नगरनियोजनाचं पूर्ण सूत्र आहे. बिल्डरला विचारा, तो म्हणतो ते महापालिका बघेल. महापालिका म्हणते नव्या आराखड्यात बघू. आराखडा करणाऱ्यांना हा टँकर दिसतच नाही, कारण त्यांच्या नकाशात आमची गल्ली म्हणजे दोन रेघा.

त्या मुलीनेच मग मला पॅट्रिक गेडीस या माणसाबद्दल सांगितलं, आणि मी आठवडाभर त्याच्याच मागे लागलोय. पत्रक बाजूला राहिलं, इलाज नाही. हा स्कॉटलंडचा. मुळात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. १९१४ मध्ये शहरांविषयीचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाला, तर प्रदर्शनाचं सामान ज्या बोटीवर होतं ती बोट जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने बुडवली. दुसरा असता तर परत गेला असता. याने नवं सामान गोळा केलं. पुढे गावोगाव पायी हिंडून त्याने अहवाल लिहिले. त्याचं म्हणणं साधं होतं: आधी गल्लीची तब्येत तपासा, मग औषध सांगा. रस्ता सरळ काढण्यासाठी वस्ती आडवी करू नका. एखाददुसरं पडकं घर काढा, तिथे मोकळी जागा ठेवा, झाड लावा. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला तेव्हा पहिला प्राध्यापक म्हणून यालाच बोलावलं. आणि या गृहस्थाने स्वतः विद्यापीठाची एकही पदवी पुरी केली नव्हती! आजच्या कुठल्याही पात्रतेच्या रकान्यात तो बसला नसता.

इंदूरचा किस्सा तर फारच झकास. होळकरांच्या इंदुरात प्लेग होता, घाण होती, आणि नकाशा हातात घेऊन फिरणारा हा गोरा माणूस घरं पाडायला आलाय अशी लोकांत कुजबुज होती. गेडीसने दरबाराकडून एका दिवसाचं महाराजपद मागून घेतलं. जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातली घरं सर्वांत जास्त साफसूफ झालेली असतील, तिथून जाईल. झालं! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून सगळं गाव केरसुणी घेऊन उठलं. मिरवणुकीत सफाई करणाऱ्यांना मानानं चालवलं. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर केला होता, तो शेवटी जाळला. कोट्यवधींची निविदा नाही, सल्लागार नाही, फीत कापणं नाही.

आता हे कुठल्या सेमिस्टरमध्ये बसवणार? नियोजनाची मुलं नकाशावर हिरवा रंग भरून बाग करायला शिकतात. मालमत्ता विकासाची मुलं त्या बागेकडे तोंड करून फ्लॅट किती महाग विकता येईल ते शिकतात. दोघांचे वर्ग वेगळे, कँटीनही वेगळं. आणि दोघांनाही ज्या माणसाच्या खिडकीसमोर हे सगळं होणार, तो परीक्षेला नसतो. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत आला आणि दोन महिन्यांत सरकारला तो बाजूला ठेवून पुन्हा करायला सांगावं लागलं, इतक्या त्यात चुका होत्या. त्या चुका दाखवल्या कुणी? आपापल्या गल्लीच्या जागी नकाशात भलतंच काही बघून हरकती घेऊन धावलेल्या हजारो रहिवाशांनी. त्यांतल्या बहुतेकांनी नियोजनाचं एक पुस्तक उघडलेलं नसणार.

माझं ऐकतंय कोण, पण अभ्यासक्रम मला करू दिला तर पहिलं वर्ष फक्त हरकतींच्या सुनावण्यांना बसायचं. पाठीमागच्या बाकावर, वही घेऊन. म्हातारे, भाडेकरू, हातगाडीवाले, आरक्षणात जमीन गेलेले शेतकरी काय बोलतात आणि त्यांना किती मिनिटांत गप्प केलं जातं, ते लिहायचं. दुसऱ्या वर्षी एका गल्लीत राहायचं. मालमत्ता विकासवाल्यांनी आपल्याच कॉलेजच्या पाहुण्या व्याख्यात्या बिल्डरने विकलेल्या इमारतीत, आठव्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना. गुंडाळी उलगडायची ती तिसऱ्या वर्षी.

हे सदर छापून आलं की दोन-तीन पालकांचे फोन येतील, “मग घालू का हो मुलाला या लाइनला?” त्यांना आत्ताच सांगून ठेवतो. जरूर घाला. शहराला माणसं हवीत आणि मुलांना नोकऱ्या. फक्त कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा प्लेसमेंटचं नंतर विचारा. आधी विचारा की इथे मुलांना शहरातून पायी किती हिंडवतात. समोरचा माणूस अभिमानाने “छे छे, पायी कशाला, आमची एसी बस आहे” म्हणाला, तर चहा घ्या आणि पुढच्या कॉलेजात जा.