वसंतगडावर फावडे नेण्याआधी

श्रमदानासाठी वसंतगडावर निघालेल्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती. पायवाटेवरची घाणेरी छाटा, प्लास्टिकच्या बाटल्या पोत्यात भरून खाली आणा, उन्हाळ्यात जाळपट्टे काढा. पण माती उकरू नका. वीतभरसुद्धा नको. आणि तटात रुजलेला पिंपळ दोर लावून ओढू नका. तो बुंध्याशी कापता येतो, मूळ जागीच मारता येते. ओढलात तर त्याच्याबरोबर चार चिरे खाली येतील.

हे वाचून काहींच्या कपाळाला आठी पडणार. सरकारी फाइल हलत नाही तेव्हा ऐन उन्हात घमेली घेऊन वर चढतात ती ही पोरेच, आणि त्यांनाच अक्कल शिकवायची? तसे नाही. ही पोरे नसतील तर कुठलाच गड वाचणार नाही. म्हणून तर त्यांच्याशीच बोलायचे आहे. ज्याला गडाचे काहीच पडलेले नाही, त्याच्यापुढे कागद काळे करून काय उपयोग?

महामार्गावर तासवड्याच्या टोलनाक्याजवळ गाडी थांबली की पश्चिमेला जो डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावर हा किल्ला आहे. पायथ्याला तळबीड, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे आणि म्हणून महाराणी ताराबाईंच्या माहेरचे गाव. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस गड बांधला असे परंपरा सांगते. अफझलखानाच्या वधानंतर १६५९ मध्ये तो शिवरायांनी घेतला. १६९९ च्या नोव्हेंबरात साताऱ्याकडे निघालेल्या औरंगजेबाने आधी हा गड घेतला आणि त्याचे नाव ‘किलीद-इ-फतेह’ ठेवले. एवढा इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो. भाषणात तोच येतो, फ्लेक्सवरही तोच.

माझा जीव अडकलाय तो याच्या मागच्या काळात.

गडाच्या शेजारचे कराड हे बाराव्या शतकात वसलेले गाव नव्हे. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला करहकट नगराने, म्हणजे आपल्या कराडने, दान दिल्याचा शिलालेख आहे. तो स्तूप इसवी सनापूर्वीचा. कोकणात कुड्याच्या लेण्यांत एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान केल्याचा लेख आहे. त्याचे नाव महिक, राहणार करहाकड. आपल्याच आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. १८४९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअरने त्यांच्यावर लिहिले, पुढे पुरातत्त्वज्ञ बर्जेसने त्यांची तपशीलवार नोंद केली. तिथेही गोपाळाचा मुलगा संघमित्र याच्या दानाची ओळ कोरलेली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला लोखंडवाला घाट उतरून समुद्राकडे जात होता. कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला वसंतगडासारखी जागा नाही. मग ही मोक्याची जागा भोजराजा येईपर्यंत हजार-बाराशे वर्षे मोकळी पडली होती? इथे चौकी नव्हती, पाण्याचे टाके नव्हते, राखणदाराची चूल नव्हती? हो म्हणायला पुरावा लागेल, आणि नाही म्हणायलाही. दोन्ही पुरावे असतील तर ते गडाच्या मातीत आहेत. बखरीत नाहीत, गॅझेटियरमध्येही नाहीत.

माती असा पुरावा कसा जपते, याचे एक उदाहरण पाहा. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाचा डोंगरी किल्ला आहे. दगडी तट नाही, नुसते मातीचे प्रचंड बांध आणि खंदक, तेही रोमन लोक तिथे येण्याच्या आधीचे, लोहयुगातले. मॉर्टिमर व्हीलरने १९३४ ते १९३७ या काळात तिथे उत्खनन केले. लोहयुगातल्या बांधांखाली त्याहून सुमारे तीन हजार वर्षे जुनी, नवाश्मयुगातली कुंपणवजा वस्ती निघाली. वरून पाहणाऱ्याला तिचा मागमूस नव्हता. रोमन फौजेने हा किल्ला कत्तल करून जिंकला, असाही निष्कर्ष व्हीलरने काढला आणि तो फार गाजला. पुढे १९८५-८६ मध्ये नाइल शार्पल्सने पुन्हा खोदून पाहिले, तेव्हा त्या कहाणीतले बरेच काही डळमळीत झाले. हे शक्य झाले कारण व्हीलरने बहुतेक जमिनीला हातच लावला नव्हता. पुढच्याला तपासायला काही शिल्लक होते. हाच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचा महासंचालक होऊन आला, आणि थराथराने कसे खोदायचे हे त्याने आपल्याकडच्या तरुणांच्या एका पिढीला शिकवले.

थर म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमाने लागलेले असतात म्हणून जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते कळते. कागद फाडून एकत्र कालवले, तर एकही कागद हरवला नसला तरी दावा गेलाच. मातीचेही तसेच. खापरी कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर होती, ही तिची किंमत. पिशवीत घालून घरी आणलेली खापरी शोकेसमध्ये बरी दिसते, पण तिला विचारण्यासारखे काही उरत नाही. वर फिरताना अशी खापरी, मणी किंवा नाणे पायाशी दिसले तर जागेवरच फोटो घ्या, शेजारी पेन ठेवून मोजमाप दाखवा, मोबाइलवर ठिकाणाची खूण करा आणि पुढे चला. नाणी किंवा दागिने सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. गुप्तधनाच्या नादाने रात्री कुदळ घेऊन वर जाणाऱ्यांना तर पोलिसपाटलांनीच गाठावे. त्यांना हंडा मिळत नाही आणि खड्डा कायमचा राहतो.

आता तळ्यांचे. गडावर कृष्णा आणि कोयना नावाची दोन तळी आहेत. गाळ काढण्याइतके पुण्याचे काम दुसरे कुठले वाटणार? पण तळे म्हणजे गडाची तिजोरी. शेकडो वर्षांत त्यात घागरी फुटल्या, गोळे पडले, बांगड्या निसटल्या. आणि डोळ्यांना न दिसणारे परागकण तळाशी बसत गेले. त्यावरून शिलाहारांच्या वेळी या डोंगरावर कोणती झाडे होती, खाली कोणती पिके होती, हे सांगता येते. जेसीबीने दोन दिवसांत तो गाळ उपसून बांधावर टाकला की हे सगळे संपले. गाळ जरूर काढू. पण आधी जाणकाराने मधोमध नळी घालून नमुना घ्यावा, मग गाळ हाताने, पट्ट्यापट्ट्याने निघावा आणि चाळणीतून जावा. वेळ लागेल. लागू दे. तळी कुठे पळून चालली आहेत?

गडावर चंद्रसेनाचे देऊळ आहे. लोक त्याला शूर्पणखेचा मुलगा मानतात. भाविकांची वर्दळ असते आणि ती असावीच. फक्त देवळाच्या आवारातले सतीशिळेसारखे दगड ‘नीट दिसावेत’ म्हणून रांगेत मांडू नयेत, त्यांना ऑइलपेंट फासू नये. दगड मुळात कुठे आणि कुणाकडे तोंड करून उभा होता, हीसुद्धा माहितीच असते. दुरुस्तीला सिमेंट तर अजिबात नको. जुने बांधकाम चुन्याचे, आणि चुना श्वास घेतो; ओल आत शिरते तशी बाहेर पडते. वर सिमेंटचा थर दिला की ओल कोंडते, क्षार साठतात आणि काही पावसाळ्यांत दगडाच्याच खपल्या निघू लागतात. पूर्वी चुना मुरवून, दगडी घाण्यात बैल फिरवून मळत. ते जमणारे गवंडी आजही मिळतात. महाग पडतात, हे खरे.

११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सातारा जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आहे. आनंदच आहे, पण यादीतल्या किल्ल्यांना पैसा आणि पाहुणे दोन्ही मिळतात, यादीबाहेरच्यांना बहुधा नुसते रील काढणारे.

म्हणून वसंतगडाचे काम कराडनेच हातात घ्यायला हवे, आणि त्याची सुरुवात फुकटात होते. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आपल्या दारात आहे. सिव्हिलच्या मुलांना सर्वेक्षण शिकावेच लागते. त्यांचा एक सर्व्हे कॅम्प वसंतगडावर होऊ द्या. तट, बुरूज, दरवाजे, तळी, जोती, पडलेला प्रत्येक कोरीव दगड मोजून नकाशावर आला पाहिजे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन तळबीड आणि वसंतगड या पायथ्याच्या गावांत घरोघर फिरावे. कुठल्या गोठ्यात गडाचा चिरा आहे, कुठली वाट बंद पडली, हे म्हाताऱ्या माणसांना माहीत असते. दगड परत मागू नका, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही.

नकाशा हाती आला की दोन्ही गावांच्या ग्रामसभांत एकच ठराव मांडू. परवानगीशिवाय गडावर यंत्र चढणार नाही, खोदकाम होणार नाही, सिमेंट लागणार नाही. राज्य पुरातत्त्व संचालनालयाने डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेच्या मदतीने माथ्याची शास्त्रीय पाहणी करावी. खर्चाची तरतूद जिल्हा नियोजनातून व्हावी. ठरावाची एक प्रत आमदारांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना. तिसरी चंद्रसेनाच्या देवळात, श्रमदानाला येणाऱ्यांना दिसेल अशा उंचीवर लावू. आणि पोचपावती घ्यायला विसरू नका. पावती नसेल तर अर्ज आलाच नव्हता असे सांगायला टेबलापलीकडचा माणूस मोकळा असतो.