मत आहे, वाट नाही
(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आमच्या कांजूरमार्गच्या चाळीत मतदानाचा दिवस म्हणजे एक छोटासा सणच असतो. सकाळी सातच्या ठोक्याला आजोबा इस्त्रीचा सदरा घालून रांगेत उभे राहतात आणि परत आल्यावर बोटावरची शाई साऱ्या मजल्याला दाखवीत फिरतात. २० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हाही असेच झाले. आमच्या मजल्यावरची दोन माणसे मात्र त्या दिवशी केंद्रावर आली नाहीत. एक माझे काका. ते सैन्यात आहेत. दुसरी शेजारची ताई. ती कुवेतला एका रुग्णालयात परिचारिका आहे.

काकांनी आपले मत आधीच पाठवून दिले होते. ताईचे मत मात्र तिच्याजवळच राहिले. आदल्या रात्री तिने आईला फोनवर सांगितले, "आई, उद्या माझंही मत तूच देऊन टाक ना!" काकू भोळेपणाने केंद्रावरच्या अधिकाऱ्यांना तसे विचारूनही आल्या. "तसं चालत नाही, मावशी," एवढेच उत्तर मिळाले. अधिकाऱ्याचे काही चुकले नाही. नियमच तसा आहे. पण एकाच मजल्यावरच्या, एकाच देशाच्या दोन नागरिकांत हा फरक का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

सैनिकाच्या मताचा विचार आपल्या कायद्याने पहिल्यापासून केला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने असे ठरविले की, सैनिक नेमणुकीवर कोठेही असो, नोकरी नसती तर तो जेथे राहिला असता तेथलाच रहिवासी त्याला मानावे. किती समजूतदार कल्पना आहे ही! माणूस सीमेवर असला तरी कायद्याच्या लेखी त्याचे घर कांजूरमार्गलाच राहते. आमच्या सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी' हे बिरूद नावापुढे लावूनच ओळखले जाते. अशा गावातून कायद्याने सैनिकांची नावे पुसली असती, तर मतदारयादीत उरले असते तरी कोण?

पण नाव राहिले म्हणजे मत पोहोचले असे नव्हे. उमेदवारांनी माघार घेण्याची मुदत संपल्यावरच मतपत्रिका तयार होते. नंतरच्या थोड्या दिवसांत ती टपालाने छावणीत जायची, तेथून परत यायची आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडायची. २०१४ साली काका ईशान्य भारतात होते. त्यांच्या हाती पाकीट पडले तेव्हा निकाल लागून आठवडा उलटला होता. "सरकार बसलं, आणि मग मला विचारलं कुणाला बसवू!" असे ते अजूनही हसत सांगतात.

यावर उपाय शोधले गेले. २००३ साली सैनिकाला आपल्या वतीने मत देण्यासाठी मतदारसंघातला एखादा प्रतिनिधी नेमण्याची मुभा मिळाली. त्या प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी राखलेली असते. पुढे २०१६ साली नियम बदलला आणि मतपत्रिका संगणकावरून छावणीत पाठविण्याची सोय झाली. सैनिक ती उतरवून घेतो, छापतो, खूण करतो, अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सही करतो आणि पाकीट टपालात टाकतो. जाण्याचा वेळ वाचला, येण्याचा तेवढा राहिला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नोंदलेल्या १८ लाखांवर सेवा मतदारांपैकी दहा लाखांहून अधिकांची मते परत आली, म्हणजे शंभरातील साठांची. इच्छा असली की वाट निघते, याचा हा पुरावा.

आता ताईकडे वळू. परदेशी राहणाऱ्या पण भारताचे नागरिकत्व न सोडलेल्या माणसाला मतदार होण्याचा हक्क २०१० च्या दुरुस्तीने मिळाला. ६-अ क्रमांकाचा अर्ज भरला की पारपत्रावरच्या पत्त्यानुसार नाव यादीत चढते. ताईचेही चढले. पण मत द्यायचे तर मूळ पारपत्र घेऊन जातीने केंद्रावर हजर झाले पाहिजे. रजा मिळवा, तिकीट काढा, समुद्र ओलांडा आणि एक बटन दाबून परत जा! २०२४ साली देशभर नोंदलेल्या १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांपैकी अवघ्या २,९५८ जणांनी मतदान केले. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. आपल्या महाराष्ट्रात ५,०९७ नावे होती आणि मते पडली सतरा. सतरा! आमच्या चाळीच्या एका मजल्यावर याहून अधिक मतदार आहेत.

केरळात काही संघटना मतदारांना आणण्यासाठी विमानांची व्यवस्था करतात. उत्साह कौतुकाचा खरा, पण जो तिकीट काढून देतो त्याचे मिंधेपण मतदाराच्या मनात राहणारच. आणि ज्याला स्वतःच्या खिशातून तिकीट परवडते तोच मत देणार असेल, तर हा नागरिकाचा हक्क राहिला की श्रीमंताची हौस?

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, जो देश सोडून गेला त्याला येथल्या कारभाराशी काय देणे-घेणे? मित्रहो, ताई देश सोडून गेली नाही. ती नोकरीला गेली आहे. तिचे आईवडील येथे आहेत, तिने पाठविलेल्या पैशावर येथले घर चालते, आणि एक दिवस ती येथेच परत येणार आहे. शिवाय तो वाद संसदेने २०१० सालीच मिटविला आहे. हक्क दिला, आता तो बजावू द्यायचा की नाही एवढाच प्रश्न उरला आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. दूरच्या देशात गुप्तता कोण राखणार? मालकाचा दबाव आला तर? म्हणूनच प्रतिनिधीमार्फत मतदानाचा मार्ग मला पसंत नाही. तसे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले होते. राज्यसभेत ते पुढे गेले नाही आणि २०१९ साली लोकसभेबरोबर विसर्जित झाले. मला त्याचे दुःख नाही. आपल्या घरांत मुलीचे मत म्हणजे वडिलांचे मत हे समीकरण अजून पुसलेले नाही. ताईच्या वतीने दुसऱ्याने बटन दाबायचे, तर ते ताईचे मत कशावरून?

त्यापेक्षा सैनिकाची वाटच तिला मोकळी करावी. निवडणूक आयोगाने २०२० साली कायदा मंत्रालयाला तसेच सुचविले होते: मतपत्रिका संगणकावरून जावी आणि घोषणापत्र वकिलातीतील अधिकाऱ्याने साक्षांकित करावे. अडचणी येतील. वकिलात दूर असेल, मजुराचे पारपत्र मालकाच्या कपाटात असेल. पण अडचणी बर्फातल्या चौकीवरही होत्याच. त्या सोडविल्या, कारण सोडवायच्या होत्या.

"असल्या चार मतांनी काय होते?" असे कोणी विचारील, तर त्याने आमच्या येथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता धरून पलीकडे जावे. २०२४ साली त्या वायव्य मुंबई मतदारसंघात यंत्रांवरच्या मोजणीत शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळविल्यावर शिवसेनेचे रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. ती सारीच टपाली मते सैनिकांची नव्हती, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी वगैरेही त्यांत होते. पण जे केंद्रावर येऊ शकले नाहीत त्यांच्या पाकिटांनी खासदार ठरविला, हे खरेच.

शेवटी आपल्याविषयी. आपल्यापैकी बहुतेकांचे मतदान केंद्र घरापासून पाच-दहा मिनिटांवर असते. तरीही मुंबईत निम्म्याच्या आसपासच माणसे तेथवर जातात. पुढच्या निवडणुकीला सुट्टी म्हणून लोणावळ्याची गाडी पकडण्यापूर्वी छावणीतले ते पाकीट आठवावे. आणि फोनवरून आलेले ताईचे ते वाक्यही आठवावे. तिला हवी आहे ती वाट आपल्या दारातूनच जाते.