दूरचा विद्यार्थी

घरदार, मंडळी आणि उदरनिर्वाहाचा उद्योग सोडून ज्याला विद्यालयात येणे शक्य नाही, त्याला ईश्वरविद्येचे शिक्षण द्यावे तरी कसे? मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशात एका प्रेस्बिटेरियन विद्यालयापुढे हा प्रश्न उभा राहिला. खेड्यापाड्यांतील मंडळ्या सांभाळणारी माणसे प्रौढ व संसारी होती. वर्षानुवर्षे शहरात राहणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. तेव्हा १९६३ साली विद्यालयानेच त्यांच्याकडे जाण्याचे ठरविले. घरी पुस्तकावरून अभ्यास, गावी नित्याचे काम आणि ठरल्या दिवशी जवळच्या केंद्रात शिक्षकाची भेट, अशी ती योजना होती. १९७१ साली बंगळूर येथे स्थापन झालेली ‘टॅफ्टी’ ही संस्थाही याच मार्गाने चालली.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी या पद्धतीला लाकडी कुंपणाची उपमा दिली. आडव्या दोन दांड्यांपैकी एक ज्ञानाची, दुसरी प्रत्यक्ष कार्याची. आणि त्या दोहोंना धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे शिक्षक व विद्यार्थी यांच्या नियमित भेटी होत.

आज हे शिक्षण संगणकावर आणि मोबाइलवर आले आहे. दांड्या लांबल्या आहेत. पण खांबांकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका दूरस्थ पाठ्यक्रमासाठी रात्री जागून मी एक दीर्घ उत्तर लिहिले. चार महिन्यांनी ते परत आले, तेव्हा त्यावर एकच शब्द होता: ‘ठीक’. पुढचे उत्तर मी लिहिलेच नाही आणि ते का आले नाही, हेही मला कोणी विचारले नाही.

इतर विषयांत हे एकवेळ चालून जाईल. ईश्वरविद्येत चालणार नाही. कारण तिचे प्रश्न परीक्षेपुरते नसतात. ईयोबाच्या ग्रंथाचेच पाहा. त्याचा सारांश लिहावयास सांगितला, तर तो कोठूनही उतरून काढता येतो. उलट, असे विचारावे: ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, पण बोलू लागताच चुकले, तुमच्या गावात पुराने ज्याचे घर वाहून गेले, त्याच्या भेटीस गेल्यावर तुम्ही काय बोलाल आणि काय बोलणार नाही? या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्यालाच शोधावे लागते. डोंगरातील शिक्षिका आणि बंदरावरील कारकून यांनी ते एकमेकांना वाचून दाखविले, म्हणजे दोघांच्याही ज्ञानात भर पडते.

म्हणून शिकविणाऱ्याने व्याख्याने आखूड ठेवावीत आणि जेथे इंटरनेट क्षीण आहे तेथे ती उतरवून घेण्याची सोय करावी. उत्तरावर आठवड्याच्या आत दोन ओळी तरी लिहाव्यात. जो विद्यार्थी गप्प झाला, त्याला दूरध्वनी करून आधी त्याची खुशाली विचारावी, अभ्यासाचे मागाहून.

आपल्या घरातील कोणी अशा पाठ्यक्रमात नाव घालणार असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे: माझे उत्तर कोण वाचणार आणि किती दिवसांत?